म्हापशात घेतलेला सायंटिफिक कॅलक्युलेटर आणि त्याचा तो कंस

मुलगी अकरावीला गेली म्हणून गेल्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो होतो तेव्हाच सायंटिफिक कॅलक्युलेटर घेऊन टाकला, दुकानदार कोकणीत म्हणाला "कॉलेजीत सगळीं भुरगीं होच व्हरतात" (सगळी मुलं हाच नेतात), म्हटलं मग बघायचं काय त्यात. बटणं बरी आहेत, आवाज करत नाहीत. कव्हर मात्र सैल, पिशवीत दोनदा निसटलं.

पण मी लिहायला बसलोय ते एका बटणासाठी. संख्या टाकून = दाबायचं, मग शिफ्ट आणि ते अंश-मिनिटांचं बटण, की मूळ अवयव पाडून देतो. रात्री पाऊस, लाईट गेलेली, मुलगी झोपलेली, मी मोबाईलच्या टॉर्चमध्ये ४२९४९६७२९७ टाकली. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. फर्मा या गणितज्ञाला १६४० च्या सुमारास वाटलं होतं की या जातीच्या (घातांकाच्या जागी २ चाच एखादा घात, ३२ म्हणजे २ चा ५ वा, म्हणून ही ५ क्रमांकाची) सगळ्या संख्या मूळच असणार, आणि ऑयलर या दुसऱ्या गणितज्ञाने १७३२ मध्ये हिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. बिचारा आंधळेपणाने भागत बसला नव्हता हां, हिचा मूळ अवयव ६४ च्या पटीत एक मिळवून येतो हे त्याने हेरलेलं, म्हणजे १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचव्या झटक्यात ६४१!

कॅलक्युलेटरने क्षणात दाखवलं ६४१ × (६७००४१७). आता हा कंस कशाला? आधी वाटलं पीस खराब निघाला, सकाळी परत नेऊ. मग माहितीपुस्तिका वाचली तर हा फक्त तीन आकडी मूळ संख्यांपर्यंतच भागून बघतो, म्हणजे ९९७ पर्यंत. पुढची मूळ संख्या १००९, तिचा वर्ग १०१८०८१, त्यामुळे उरलेला भाग त्याहून लहान असेल तर तो मूळच असणार, आणि तेवढा किंवा मोठा असेल तर हा कंसात टाकून हात वर करतो. मुद्दाम १००९ × १०१३ म्हणजे १०२२११७ टाकून बघितली, तीही कंसात. म्हणजे कंसातली संख्या मूळ आहे की संयुक्त ते हा सांगतच नाही, पण उगाच ठोकूनही देत नाही, आणि मला हे जाम आवडलं.

मग ६७००४१७ चं काय? हिचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास. हिचा अवयव तो त्या पहिल्या संख्येचाही अवयव, म्हणून नियम तोच. ल्युकास या गणितज्ञाने नंतर ऑयलरचं ६४ चं १२८ केलं, आणि १२८ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या मूळ संख्या ९९७ ते २५८८ मध्ये फक्त दोन, ११५३ आणि १४०९. ९९७ पर्यंतचं काम मशीनने केलेलंच आहे. दोन भागाकार केले, बाकी ३३४ आणि ६२२. झालं, मूळ संख्या! कागदावर केलं बरं का, तेवढ्यात टॉर्च बंद पडला तो वेगळा विषय.

दहा आकड्यांच्या पुढे हे बटण कामाचं नाही. २ चा ६७ वा घात वजा १ टाकलीत तर १.४७५७३९५२६ × १०^२० एवढंच दिसतं, शेवटचे आकडे गुल. ही संयुक्त आहे हे ल्युकासने १८७६ मध्ये दाखवलं पण अवयव सापडायला १९०३ उजाडलं, कोल नावाच्या गणितज्ञाने १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७ काढले. तसं मशीनला नावं ठेवून उपयोग नाही, फर्माच्या त्याच जातीतली २० क्रमांकाची संख्या ३१५६५३ आकडी आहे, ती संयुक्त आहे हे सिद्ध झालंय आणि आजपर्यंत तिचा एकही अवयव कोणाला मिळालेला नाही!

चार स्टार. एक कापला तो माहितीपुस्तिकेच्या अक्षरांसाठी, चष्मा लावूनही कंसाची ती ओळ तीनदा वाचावी लागली.