'डेड ऑफ नाइट' की 'फ्रॉम बियाँड द ग्रेव्ह': एकच रात्र असेल तर

जुन्या ब्रिटिश अँथॉलॉजी भयपटांचा नाद असलेल्या माणसाला कधी ना कधी हा प्रश्न विचारला जातोच : "यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. एकच दाखव, कुठला दाखवशील?" मला तो गेल्या पावसाळ्यात ताईने विचारला. ताई भयकथांची जुनी वाचक. दिवाळी अंक हातात पडला की अनुक्रमणिकेत आधी भयकथा शोधते. लांबलचक भयपटांचा मात्र तिला कंटाळा आहे. दोन तास एकच भूत पुरवून पुरवून दाखवतात, असं तिचं म्हणणं. चार-पाच छोट्या गोष्टी, त्यांना ओवणारी एक बाहेरची गोष्ट आणि शेवटी त्या बाहेरच्या गोष्टीचाच आवळत जाणारा फास, हा प्रकार जणू तिच्यासाठीच केलेला. विक्रम-वेताळ ऐकत मोठ्या झालेल्या माणसाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही.

माझ्यासमोर दोनच नावं उरली : ईलिंग स्टुडिओचा १९४५ सालचा 'डेड ऑफ नाइट' आणि अमिकस कंपनीचा १९७४ सालचा 'फ्रॉम बियाँड द ग्रेव्ह'. बाकीची का गळली, ते थोडक्यात सांगतो. मिल्टन सुबोत्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग या दोन अमेरिकनांनी अमिकस इंग्लंडमध्ये चालवली आणि १९६५ ते १९७४ या काळात असे सात चित्रपट काढले. सुबोत्स्कीला ही कल्पना 'डेड ऑफ नाइट'वरूनच सुचली होती. गोष्ट छोटी असली की मोठ्या नटाचे थोडेच दिवस लागतात. त्यामुळे बेताच्या पैशांतही राल्फ रिचर्डसनसारखा माणूस पडद्यावर दिसतो.

त्या सातांपैकी 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' बऱ्याच जणांचा लाडका आहे, आणि का ते मला कळतं. त्यात पीटर कुशिंगने साकारलेला एकाकी म्हातारा ग्रिम्सडाइक विसरता येत नाही. कुशिंगची पत्नी हेलन जानेवारी १९७१ मध्ये वारली होती, आणि चित्रपटातल्या दिवंगत पत्नीचं नावही हेलनच आहे. हे माहीत असेल तर ती गोष्ट पाहणं जड जातं. पण आगगाडीचा डबा, तळघर, लिफ्ट अशा ठिकाणी अडकलेली माणसं खरी कुठे निघाली आहेत, हे अमिकसचा एक चित्रपट पाहिलेल्याला पुढच्याच्या पहिल्या पाच मिनिटांत कळतं. 'असायलम'ची बाहेरची गोष्ट माझ्या मते सर्वांत हुशार आहे : नोकरीसाठी आलेल्या तरुण डॉक्टरने रुग्णांशी बोलून त्यांच्यातला जुना प्रमुख डॉक्टर कोण ते ओळखायचं. मात्र त्यात तपकिरी कागदात गुंडाळलेले हातपाय सरपटायला लागतात तेव्हा आजची मुलं हसतात. 'व्हॉल्ट ऑफ हॉरर'मधली दोरीच्या जादूची गोष्ट भारतात घडते, आणि तो स्टुडिओतला भारत पाहताना आपलं लक्ष भीतीवर राहत नाही.

तर दोन. पहिल्या खेपेला मी 'डेड ऑफ नाइट' निवडला. त्याचं मोठेपण मला तेव्हा मान्य होतं आणि आजही आहे. युद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये भयपटांवर बंदी होती, आणि युद्ध संपल्यावर लगेच, सप्टेंबर १९४५ मध्ये हा लोकांसमोर आला. एक वास्तुविशारद खेड्यातल्या एका घरी कामासाठी येतो. समोर बसलेली सगळी माणसं आपल्या स्वप्नात वारंवार येतात, हे त्याच्या लक्षात येतं. मग एकेक पाहुणा आपापला अनुभव सांगतो, आणि एक मानसशास्त्रज्ञ प्रत्येक वेळी त्याला शहाणपणाचं उत्तर देत राहतो. गोष्टी चार दिग्दर्शकांनी वाटून घेतल्या आहेत, पण शिवण कुठे दिसत नाही. शववाहिकेचा चालक वर खिडकीकडे बघून आत एकाचीच जागा असल्याचं सांगतो, ती पहिली गोष्ट जेमतेम काही मिनिटांची आहे, आणि अजूनही गच्च भरलेली बस थांब्यावर आली की मला ती आठवते.

या चित्रपटाशी आपला एक धागाही आहे. त्याची गोल फिरणारी रचना, म्हणजे जिथे सुरू झाला तिथेच येऊन मिळणं, पाहून केंब्रिजच्या फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांच्या मनात सुरुवात आणि शेवट नसलेल्या विश्वाचा विचार आला, आणि त्यातून १९४८ साली स्थिर-स्थिती विश्वाची मांडणी झाली, असं सांगतात. हॉइल म्हणजे आपल्या जयंत नारळीकरांचे गुरू. ही हकिगत मी त्या संध्याकाळी सगळ्यांना आधीच सांगून ठेवली होती. भाच्याने तेवढ्यासाठी फोन बाजूला ठेवला.

दोन्ही चित्रपटांत आरशाची गोष्ट आहे, आणि तुलना करायची तर याच जागी करावी. दोन्हीकडे आरसा जुन्या वस्तूंच्या दुकानातून येतो. १९४५च्या गोष्टीत तरुणी होणाऱ्या नवऱ्याला आरसा भेट देते. टाय बांधताना त्याला आरशात स्वतःची खोली दिसत नाही. दुसरीच, जुनी, चुलाण पेटलेली खोली दिसते. बास, एवढंच. आरशातून कुणी बाहेर येत नाही, हात लांब होत नाही. फक्त त्या माणसाचा स्वभाव दिवसेंदिवस त्या खोलीसारखा होत जातो. दिग्दर्शक रॉबर्ट हेमर. १९७४च्या गोष्टीत डेव्हिड वॉर्नर आरसा घरी आणतो, मित्रांबरोबर गंमत म्हणून प्लँचेट करतो, आणि आरशातला माणूस बोलायला लागतो, रक्त मागायला लागतो. वॉर्नरचा चेहरा जसजसा खंगत जातो ते पाहण्यासारखं आहे, पण रक्त जरा सढळ हाताने सांडलं आहे. केवळ आरशाचा प्रश्न असेल तर १९४५चा चित्रपट सरस. यात मला शंका नाही.

आणि मग ह्यूगो. मायकेल रेडग्रेव्ह शब्दभ्रमकार, आणि ह्यूगो त्याचा बोलका बाहुला. आपल्याकडे बोलका बाहुला म्हटलं की अर्धवटराव आठवतात, म्हणजे हसू, सुट्टी, घरच्यांबरोबरचा दूरदर्शन. ते मनात असताना ह्यूगो पाहिला की पोटात खड्डा पडतो. कारण इथे बाहुल्याला दुसऱ्या कलाकाराकडे जायचं आहे, आणि धन्याला ते कळलं आहे. आल्बेर्तो कॅव्हलकँतीने केलेली ही गोष्ट या प्रकारातली शिखराची आहे, असं मी म्हणेन. कुणाचं मत वेगळं असू शकेल, पण तसं म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

मग अडचण काय? अडचण आहे गोल्फ.

पाच गोष्टींतली चौथी, म्हणजे आरसा होऊन गेल्यावर आणि ह्यूगो यायच्या आधी, दोन गोल्फवेड्या मित्रांची विनोदी गोष्ट येते. दोघांचं एकाच मुलीवर प्रेम, तिच्यासाठी खेळ, खेळात लबाडी, हरलेला मित्र शांतपणे तळ्यात चालत जातो आणि मग भूत होऊन परत येतो. एच. जी. वेल्सच्या एका कथेवरून घेतलेली आहे. बेझिल रॅडफर्ड आणि नॉन्टन वेन ही जोडी त्या काळच्या ब्रिटिश प्रेक्षकांना घरच्यासारखी होती. ती दिसली की तिथे थिएटरात हशा पिकत असणार, आणि युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या लोकांना तो श्वास हवाही असेल. आपल्याला ती जोडी ठाऊक नाही, गोल्फ ठाऊक नाही, आणि भुताला परत नाहीसं कसं व्हायचं ते आठवत नाही हा विनोद तर लांबतच जातो.

आमच्या घरी त्या संध्याकाळी पाच जण होतो. आरशाची गोष्ट संपली तेव्हा कुणी बोलत नव्हतं. बाहेर पाऊस होता आणि भावोजींनी उठून बैठकीतला आरसा उगाच एकदा नीट केला होता. मला वाटलं, जमलं. मग गोल्फ सुरू झाला. दहा मिनिटांत ताई चहा टाकायला उठली, शेजारचे काका तिच्यामागोमाग स्वयंपाकघरात जाऊन उद्याच्या गॅस सिलिंडरबद्दल बोलायला लागले, भाच्याने फोन परत हातात घेतला. ह्यूगो पडद्यावर आला तेव्हा कप वाटले जात होते. रेडग्रेव्हच्या सर्वांत चांगल्या प्रसंगात बिस्किटांचा पुडा फोडल्याचा आवाज आला. शेवटचा, सगळं गोल फिरून येण्याचा तो अचाट भाग संपल्यावर काका म्हणाले, "चांगला होता, पण मध्ये तुटला." मला फार वाईट वाटलं. कारण ते खरं होतं.

पुढच्या खेपेला रिमोटने ती गोष्ट ओलांडून पाहिली. तेही जमत नाही. बाहेरच्या गोष्टीत सगळे पाहुणे एका दिवाणखान्यात बसलेले असतात आणि प्रत्येकाची पाळी मोजलेली असते. एक पाळी वगळली की हिशेब चुकतो आणि बघणाऱ्याला आपल्यापासून काहीतरी लपवल्यासारखं वाटतं. अमेरिकेत हा चित्रपट दाखवताना गोल्फची आणि नाताळच्या मेजवानीची अशा दोन गोष्टी कापल्या होत्या. त्यात नाताळची गोष्ट हकनाक गेली. माळ्यावर रडणाऱ्या मुलाची ती गोष्ट लहान आहे आणि फार हळवी आहे.

दोन आठवड्यांनी त्याच पाच जणांना 'फ्रॉम बियाँड द ग्रेव्ह' दाखवला. लंडनच्या एका गल्लीत जुन्या वस्तूंचं दुकान, दुकानदार पीटर कुशिंग. तोंडात पाइप, सावकाश बोलणं, गिऱ्हाइकाला कधीच घाई न करणं. इथे बाहेरची गोष्ट म्हणजे फक्त खरेदी. प्रत्येक गिऱ्हाईक दुकानात येतं, वस्तू घेतं आणि जाताना किरकोळ लबाडी करतं. कुणी खऱ्या वस्तूला नक्कल म्हणून भाव पाडतो, कुणी चोरतो, कुणी दोन डब्यांवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या बदलतो. दुकानदाराला सगळं दिसत असतं. तो काही म्हणत नाही.

हे ताईला फार लागलं. क्रिप्टमध्ये जमलेली माणसं बहुतेक खुनी किंवा क्रूर आहेत, त्यांना शिक्षा झाली तर आपल्याला काय. आणि 'डेड ऑफ नाइट'मधल्या माणसांनी बहुतेक वेळा काही केलेलंच नसतं, नशीबच त्यांच्यामागे लागलेलं असतं. इथे मात्र जुन्या बाजारात उभं राहून आपण सगळ्यांनी जे केलंय, तेच ही माणसं करतात. दुसरी गोष्ट तर त्याहून बारीक आहे. घरी कुणी विचारत नाही असा एक कारकून रस्त्यावर किरकोळ वस्तू विकणाऱ्या माजी सैनिकासमोर आपणही लष्करात अधिकारी होतो अशी बढाई मारतो, आणि ती खरी वाटावी म्हणून दुकानातून पदक चोरतो. मग त्या सैनिकाच्या घरी चहा, आणि त्याची अबोल मुलगी. डोनाल्ड प्लेझन्स आणि अँजेला प्लेझन्स खरोखरचे बाप-लेक आहेत. त्या दोघांच्या चेहऱ्यांतलं साम्य पाहताना अंगावर हलकेच काटा येतो, आणि त्यासाठी दिग्दर्शक केविन कॉनरला वेगळं काही करावं लागलेलं नाही. आदर हवा म्हणून खोटं बोलणारा तो माणूस मला ह्यूगोइतकाच लक्षात राहिला आहे.

इथेही तिसरी गोष्ट विनोदी आहे, हे सांगायला हवं, नाहीतर मी अन्याय करतोय असं होईल. आगगाडीत एक भविष्यवाली बाई एका गृहस्थाला सांगते की तुमच्या खांद्यावर काहीतरी बसलं आहे. मार्गारेट लेटनने ती इतक्या उत्साहाने केली आहे की भाचा पोट धरून हसला. पण ती गोष्ट हसवून सोडून देत नाही. हसता हसता खांदा विसरला जातो, आणि खांदा विसरला की काय होतं ते शेवटच्या मिनिटात कळतं. कुणी चहाला उठलं नाही. काका सरळ बसले.

उणिवा आहेत. रंग आता फिके वाटतात, आरशातल्या माणसाची रंगभूषा आज जरा उघडी पडते, आणि बायकांची कामं, भविष्यवाली आणि ती मुलगी सोडली तर, पुरेशी लिहिलेली नाहीत. 'डेड ऑफ नाइट'मध्ये आरसा भेट देणारी तरुणी झालेल्या गूगी विदर्सची सर इथल्या कुठल्याही बायकोला नाही. कलाकृती म्हणून कुठला मोठा असं कुणी विचारलं तर मी बहुधा १९४५ म्हणेन. पण शेवटची, नक्षीदार दाराची गोष्ट सुरू होते तेव्हा तरुण गिऱ्हाईक पैसे देऊन जातं, कुशिंग गल्ल्यातले पैसे मोजायला लागतो, आणि पैसे पूर्ण आहेत की नाहीत ते आपल्याला कळत नाही. पुढचा सगळा वेळ आमच्या बैठकीत पाचही जण त्या मोजणीचं उत्तर शोधत होते. इतकी साधी गोष्ट इतक्या वेळ ताणून धरलेली मी दुसऱ्या कुठल्या भयपटात पाहिलेली नाही. शेवटी कुशिंग थेट आपल्याकडे बघतो आणि दुकानात या म्हणून बोलावतो. ताईने दिवा लावायला थोडा वेळ घेतला.

म्हणून घरी चार माणसं जमणार असतील, एकच रात्र असेल आणि कुणाला हा प्रकार पहिल्यांदाच दाखवायचा असेल, तर मी हल्ली विचार न करता दुकानाचा चित्रपट काढतो. 'डेड ऑफ नाइट' नंतर बघा, शक्यतो एकट्याने, शक्यतो रात्री जेवणं उरकल्यावर. मी तो दरवर्षी तसाच पाहतो. गोल्फ सुरू झाला की उठतो, दार लावलंय का बघतो, पाणी पिऊन येतो, आणि ह्यूगो येण्याआधी जागेवर येऊन बसतो.