प्रवाळाचा रंग मोजायची पट्टी: दोन हंगाम वापरून

मी डायव्हिंग शिकले ते चष्मा लागल्यावर. त्यामुळे पाण्यात काही वाचायचं म्हटलं की पोटात गोळा यायचा. ही पट्टी मात्र वाचता येते. मास्कमधून पाण्याखाली सगळं साधारण एक तृतीयांश मोठं दिसतं, त्याचा फायदा.

वस्तू अगदी साधी. प्लॅस्टिकचं चौकोनी कार्ड, चार कडांना बी, सी, डी, ई अशा चार रंगांच्या पट्ट्या आणि प्रत्येकीत फिक्यापासून गडदपर्यंत 1 ते 6 छटा. क्वीन्सलँड विद्यापीठाच्या कोरलवॉच प्रकल्पातून ती आली. प्रवाळाचा तपकिरी रंग म्हणजे त्याच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल. पाणी बरेच दिवस तापलेलं राहिलं की ते निघून जातं आणि आतला चुन्याचा सांगाडा पांढरा दिसू लागतो, यालाच ब्लीचिंग म्हणतात. शैवाल किती उरलंय, याचा अंदाज ही पट्टी देते.

मग फोटो का नाही? कारण काही मीटर खाली गेलं की लाल रंग पाण्यातच विरतो आणि फोटो निळेभोर येतात. पट्टी आणि प्रवाळ एकाच उजेडात असतात, त्यामुळे तुलना टिकते. मी एकदा पट्टी घरच्या प्रिंटरवर छापून लॅमिनेट केली होती. छटाच बदलल्या, फुकट गेली.

प्रवाळाच्या प्रत्येक वसाहतीचा, म्हणजे एकसंध वाढलेल्या गठ्ठ्याचा, सगळ्यात फिका आणि सगळ्यात गडद भाग नोंदवायचा. फांद्यांची टोकं सोडायची, ती वाढती असतात आणि मुळातच पांढरी. पहिल्या दिवशी मी नेमकी टोकंच मोजली आणि वर येऊन ‘सगळं ब्लीच झालंय’ म्हणून बोंब ठोकली. जोडीदार अजून चिडवतो.

एका आकड्याचा फरक डोळ्यांचाही असू शकतो, जोडीदाराच्या 4 ला मी 5 म्हणते. दोन आकडे उतरले तर मात्र कान टवकारायचे. एप्रिल 2024 मध्ये चौथं जगव्यापी ब्लीचिंग जाहीर झालं. उपग्रहाला पाण्याची उष्णता कळते, पण आपल्यासमोरच्या वसाहतीचं काय झालं ते खाली उतरूनच बघावं लागतं.

उणिवाही आहेत. ताण आला की काही प्रवाळ पांढरे पडायच्या ऐवजी झगझगीत निळे-गुलाबी होतात, तो रंग पट्टीवर कुठेच नाही. लाटा असल्या तर प्रवाळाला धक्का न लावता कार्ड जवळ धरणं ही कसरतच. शिवाय रंग फिका का झाला, उन्हाळ्याने की गाळाने, हे पट्टी सांगत नाही.

घागरीएवढा एक गोल प्रवाळ मी दर खेपेला मोजते. आधी डी5 होता, तापलेल्या महिन्यांत डी2 झाला. नंतरच्या खेपेला पट्टी धरली तर पुन्हा डी5! खूश होऊन नाक जवळ नेलं. पॉलिप, म्हणजे प्रवाळाचा इवलासा जिवंत प्राणी, एकही नव्हता; मेलेल्या सांगाड्यावर शेवाळाची लव उगवली होती. आकडा खोडून मी ‘मृत’ लिहिलं.