रोबोटिक सिस्टेक्टॉमी: काढण्यात सरस, जोडण्यात कसोटी
कर्करोग मूत्राशयाच्या स्नायूत शिरला, की बहुतेकदा अख्खं मूत्राशय काढतात (सिस्टेक्टॉमी). या कामात 'दा विंची' हा शस्त्रक्रियेचा रोबोट झकास आहे. मोठं त्रिमितीय चित्र आणि मनगटासारखी वळणारी टोकं यांमुळे ओटीपोटाच्या तळाशीही नेमकं काम होतं. रक्तस्राव कमी होतो. वेळ मात्र जास्त लागतो, तोही रुग्णाचं डोकं खाली झुकवून; त्यानं डोळ्यांतला दाब वाढतो. काचबिंदू असेल तर आधीच सांगा.

कर्करोगावरचा निकाल? रोबोटिक आणि उघड्या शस्त्रक्रियेची तुलना करणाऱ्या २०१८च्या रेझर चाचणीत दोन वर्षांनी तो उघड्या शस्त्रक्रियेच्या तोडीचा होता, सरस नव्हे. जाहिरातींत हे वाक्य सहसा सापडत नाही.

घोडं पेंड खातं ते पुढे. लघवीच्या नव्या वाटेसाठी लहान आतड्याचा साधारण १५ सेंटीमीटर तुकडा घेऊन त्याला मूत्रपिंडांतून येणाऱ्या मूत्रवाहिन्या शिवतात. डावी मूत्रवाहिनी मोठ्या आतड्यामागून उजवीकडे आणावी लागते. ती जास्त सोलली किंवा ताणली गेली, की रक्तपुरवठा तुटतो आणि काही महिन्यांनी जोड आकसतो. बहुतेक रोबोटांना स्पर्श कळत नाही, ताण नजरेनंच ओळखायचा. म्हणून यंत्राचं मॉडेल नको, सर्जन वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया करतात ते विचारा. आणि सोनोग्राफी चुकवू नका: जोड आकसला तरी दुखेलच असं नाही, मूत्रपिंड मात्र गुपचूप फुगत राहतं.