सोशल अँक्झायटी की अव्हॉइडंट पर्सनॅलिटी: थेरपीची सुरुवात कुठून करावी?

दोन्हींचे निकष तुम्हाला ठाऊक आहेत असं धरून चालतो, तरी एका ओळीत उजळणी: सोशल अँक्झायटीत लोक आपल्याला जोखतील या भीतीने माणूस चारचौघांत बिचकतो; अव्हॉइडंट पर्सनॅलिटीत 'आपणच कमी आहोत' ही समजूत स्वभावात मुरलेली असते आणि नाकारलं जाण्याच्या भीतीने तो जवळीकच टाळतो. 1980 च्या डीएसएम-3 मध्ये, म्हणजे अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेत, ही दोन्ही निदानं एकदमच आली आणि त्यांच्या हद्दीचा वाद अजून मिटलेला नाही. दुसरं हे पहिल्याचंच तीव्र रूप, असं मानणारे बरेच आहेत. मला ते पुरतं पटत नाही.

सोयीचं विचाराल तर सोशल अँक्झायटी. सीबीटीची, म्हणजे विचार आणि वागणं बदलण्यावर भर देणाऱ्या थेरपीची, वाट मळलेली आहे, ही भीती कशी टिकून राहते ते सांगणारं क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांचं 1995 चं मॉडेल हाताशी आहे, सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पाठवलं तर सर्ट्रालीनसारख्या चिंता कमी करणाऱ्या गोळ्यांची जोड मिळते. घरच्यांनाही नीट समजावता येतं. 'पर्सनॅलिटी डिसऑर्डर' म्हटलं की आईवडिलांचा चेहरा उतरतो, नाहीतर 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून विषय तिथेच संपतो. फाईलवर ते लिहिताना माझाही हात आखडतो.

प्रश्नावल्यांवर फार भिस्त ठेवू नका. लिबोविट्झ स्केल काय किंवा स्पिन काय, भीती आणि टाळाटाळ किती आहे ते सांगतात. ती कशापायी आहे, हे त्यातून कळत नाही. स्कोअर दोघांचाही वर जातो.

मला खरा वात आणला तो होमवर्कने, म्हणजे दोन सेशनच्या मधे करून बघायला दिलेल्या कामांनी. ऑफिसात सगळ्यांबरोबर डबा खायचा, घेतलेला शर्ट दुकानात जाऊन बदलून मागायचा, अशी आपली नेहमीची कामं. वहीत तीन रकाने: काय होईल असं वाटलं, काय झालं, त्यातून काय कळलं. सोशल अँक्झायटी असलेला माणूस 'सगळे हसतील' लिहून जातो, कोणी हसत नाही, आणि तिसऱ्या रकान्यात येतं, 'वाटलं होतं तितकं वाईट नव्हतं.' अव्हॉइडंट माणसाचे पहिले दोन रकाने हुबेहूब असेच. तिसऱ्यात मात्र 'माणसं चांगली होती, सांभाळून घेतलं.' पुढच्या वेळी, 'अजून ते मला नीट ओळखत नाहीत.' होमवर्क चोख, पुरावा भरपूर, पण त्यातलं काहीच स्वतःच्या खात्यावर जमा होत नाही. वर 'तुम्ही एवढे कष्ट घेताय आणि मी आहे तिथेच' ही नवी लाज. मग सेशन रद्द होतात, आणि एक दिवस फोन उचलणंही बंद होतं. एवढं मन लावून काम करणारा माणूस असा निघून गेला की फार लागतं.

म्हणून मी आता ओळख वाढल्यावर काय होतं ते बघतो. सोशल अँक्झायटीत बहुधा परकेपणा गेला की जीभ सुटते. जुन्या मित्रांत तो गप्पा मारतो. अव्हॉइडंट माणसाला अनोळखी दुकानदार त्या मानाने सोपा वाटतो. ज्याला आपण आवडायला लागलोय, तोच जड जातो, कारण आता तो आतलं बघणार. 'शेवटचं कोणाशी मोकळं बोललात, आणि घरी गेल्यावर काय वाटलं?' एवढं विचारून पाहा. एकाला हलकं वाटलेलं असतं. दुसरा म्हणतो, 'उगाच बोललो.' अर्थात डिप्रेशन असेल तर आधी त्याकडे बघावं लागतं. त्यातही माणूस स्वतःला असाच कमी लेखतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणाने तर 2022 पासून अव्हॉइडंट असा वेगळा प्रकारच ठेवलेला नाही. तीव्रता आणि स्वभावाचे पैलू नोंदवायचे. त्यामुळे फाईलवरच्या नावाशी मी फार अडून राहत नाही. शंका असेल तेव्हा मात्र काम अव्हॉइडंट धरून सुरू करावं, असा माझा कल आहे. एक्स्पोजर, म्हणजे भीती वाटते त्या प्रसंगांना मुद्दाम सामोरं जाणं, थोडं पुढे ढकलतो, आधी लाजेबद्दल आणि माझ्यासमोर बसताना काय वाटतं त्याबद्दल बोलतो, मग स्कीमा थेरपीतलं (स्वतःबद्दलच्या खोल रुजलेल्या समजुतींवर काम करणारी थेरपी) इमेजरी रिस्क्रिप्टिंग घेतो, म्हणजे जुनी दुखरी आठवण मनात आणून तिचा शेवट कल्पनेत बदलणं. हे संथ आहे, क्लायंटच्या खिशालाही जड. पण अंदाज चुकला तर सोशल अँक्झायटीवाल्याचे काही आठवडे जातात. उलट बाजूने चुकला तर समोरचा कदाचित पुन्हा कुठल्याच थेरपिस्टची पायरी चढणार नाही.

ज्याला फक्त स्टेज किंवा प्रेझेंटेशन जड जातं, बाकी माणसांत जो रमतो, त्याच्यासाठी एवढं थांबायची गरज नाही. तिथे थेट सीबीटी सुरू करा.