तांबी (दिवस राहू नयेत म्हणून गर्भपिशवीत बसवतात ती कॉपर-टी) बसवून दीड वर्ष झालं, माझा अनुभव

आधी एका खासगी दवाखान्यात गेले होते, तिथे काउंटरवरच विचारलं मिस्टर आलेत का, मी म्हटलं कामावर आहेत, तर म्हणे त्यांची सही लागेल, त्यांना घेऊनच या. दोन सिझर माझी झाली आणि सही त्यांची? इतका राग आला की तशीच घरी आले. नवरा पण म्हणाला माझी सही कशाला. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं १९२१ साली, शंभर वर्षं होऊन गेली तरी अजून हेच! नियमात असं काहीही नाहीये, तांबीलाच काय, बाईच्या नसबंदीलाही नवऱ्याची संमती लागत नाही.

मग आशाताईंनी सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथल्या सिस्टरनी आधी तांबी दाखवली, टी सारखी, काडेपेटीच्या काडीपेक्षा जरा आखूड, तांब्याची बारीक तार गुंडाळलेली आणि खाली दोन दोरे. तिचे दोन प्रकार, ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं, दोन्ही फुकट. दिवस न राहण्यासाठी अंतरा इंजेक्शन असतं त्याचं पण सांगितलं, पण दर तीन महिन्यांनी जायचं मला जमणार नव्हतं म्हणून ३८० घेतली. आमच्याकडे बायका म्हणतात तांबी वर चढते, छातीत जाते, ते विचारलं तर हसल्या नाहीत, कागदावर गर्भपिशवी काढून दाखवली आणि हेही सांगितलं की क्वचित पिशवीला इजा होते, कधी आपोआप निघून पण येते, म्हणून दोरा तपासत जा.

बसवताना दुखलं, खोटं कशाला सांगू, ओटीपोटात अशी कळ आली की टेबलची कड घट्ट धरली, पण दोन-तीन मिनिटांत झालं. पहिल्या चार पाळ्या जड गेल्या, आठ-आठ दिवस अंगावर जायचं, आता पहिल्यासारखं आहे. ज्यांना आधीच खूप जातं किंवा रक्त कमी आहे त्यांनी आधी डॉक्टरांशी नीट बोलून घ्या. आणि संबंधातून होणाऱ्या आजारांपासून तांबी वाचवत नाही, त्याला कंडोमच.

निघताना विचारलं मध्येच काढायची झाली तर? सिस्टर म्हणाल्या, "तुला वाटेल तेव्हा ये, कारण विचारणार नाही." हे ऐकून खरंच डोळ्यात पाणी आलं. बसवल्याची तारीख लिहिलेलं कार्ड देतात ते जपून ठेवा, आणि पहिल्या पाळीनंतर दाखवायला नक्की जा.