गोऱ्या साहेबाच्या वस्तऱ्यावर ‘जर्मनी’ कुठून आलं?

“कामठीच्या छावणीतल्या गोऱ्या साहेबाचा वस्तरा आहे भाऊ. अठराशे सत्तावन्नचा. आमच्या आज्याच्या आज्याले बक्षीस भेटला होता.” आठवडी बाजारात भंगाराच्या पोत्याशेजारी बसलेला माणूस फडक्यातून वस्तरा काढतो आणि ही कहाणी सुरू करतो. कामठीची छावणी खरी आहे, १८२१ ची. तेवढ्या एका खऱ्या गोष्टीवर बाकीचं सगळं रचलेलं असतं. वर्ध्याकडच्या एका सलूनवाल्या पोराने असाच एक वस्तरा साडेसहा हजारांना घेतला, दुकानातल्या काचेच्या कपाटात ठेवायला.

वस्तरा उघडला की पातं आणि खिळा यांच्या मधे जाड मान दिसते. कारखान्याचा ठसा तिथे असतो, वय तिथेच वाचायचं. या वस्तऱ्याच्या मानेवर एका अंगाला मुकुट आणि १८५७ कोरलेलं होतं. दुसऱ्या अंगाला बारीक अक्षरांत ‘जर्मनी’. ते कोणी उलटून पाहिलंच नव्हतं.

परदेशी माल ब्रिटिश म्हणून खपू नये यासाठी ब्रिटनने १८८७ मध्ये व्यापारचिन्हांचा कायदा केला. अमेरिकेने मॅकिन्ले जकात कायद्याखाली १८९१ पासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. ‘जर्मनी’, ‘इंग्लंड’ असे ठसे सर्रास दिसायला लागले ते त्यानंतर. नुसतं ‘शेफिल्ड’ (इंग्लंड) किंवा ‘झोलिंगेन’ (जर्मनी) ही वस्तऱ्यांच्या गावांची नावं त्याआधीही असत, त्यामुळे त्यांच्यावरून साल ठरत नाही. ‘वेस्ट जर्मनी’ असेल तर माल १९४९ ते १९९० मधला. ‘स्टेनलेस’ लिहिलं असेल तर १९१३ च्या अलीकडचा, कारण शेफिल्डच्या हॅरी ब्रिअर्लीने ते पोलाद त्या साली केलं. मुकुटाखाली ‘व्ही आर’ म्हणजे व्हिक्टोरिया राणी, १८३७ ते १९०१. एकाच पात्यावर ‘व्ही आर’ आणि ‘स्टेनलेस’ दोन्ही दिसले तर पुढचं बोलणंच नको. ‘जी आर’ला मात्र भुलू नका. जॉर्ज राजे १८३० पर्यंत होते, तसे १९१० ते १९५२ मध्येही होते.

आता ठसा खरा की मागाहून कोरलेला, हे कसं पाहायचं? घड्याळजीकडचं दहापटीचं भिंग घ्या आणि मोबाइलचा टॉर्च आडवा धरा, वरून नको. जुना ठसा पात्याला पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून एकदम थंड करत कडक करण्याआधी, पोलाद मऊ असताना मारलेला असतो. अक्षरं आत दबलेली दिसतात, कडा बोथटलेल्या, बरेचदा एक बाजू दुसरीपेक्षा खोल. आतला काळेपणा आजूबाजूच्या धातूसारखाच असतो. पाणी दिलेल्या पोलादावर मागाहून ठसा उठत नाही, म्हणून खोटं कोरणारी मंडळी लेझर, तेजाब किंवा विजेची सुई वापरतात. लेझरची खोली सगळीकडे एकसारखी. सुईने कोरलं असेल तर कडेला धातूची बारीक उचललेली धार राहते, नख फिरवलं की अडकतं, आणि अक्षराच्या तळाशी नवी चकाकी. सर्वात सोपी खूण म्हणजे गंजाचा खड्डा. जुन्या खड्ड्यावरून अक्षराची रेघ सरळ आडवी गेली असेल तर अक्षर गंजानंतरचं आहे.

गंजही विकत मिळतो म्हणा ना. मीठ-लिंबू लावून पातं दोन-चार रात्री ओलसर फडक्यात ठेवलं की नारिंगी गंज चढतो. तो बोटाला लागतो आणि सगळीकडे सारखाच पसरलेला असतो. जुना गंज काळपट, पुसून न जाणारा, आणि खिळ्याभोवती मुठीच्या आत जास्त, कारण पाणी तिथे अडकून राहतं. दोन पट्ट्यांच्या फटीत टॉर्च मारा. बाहेर गंज आणि आत कोरी चमक असेल तर कोणीतरी मेहनत घेतली आहे.

पात्याचा आकारही खोटं पकडतो. टोक डोळ्यासमोर धरून पाहा. १८५७ च्या सुमाराचं पातं साधारण पाचरीसारखं भरीव असतं. दोन्ही बाजूंनी खोल पोखरलेलं, अंगठ्याच्या नखावर किंचित लवणारं पातं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुळलं.

मूठ ‘हस्तिदंती’ आहे म्हणाले तर दोनदा विचार करा. बहुतेक वेळा ते सेल्युलॉइड असतं, १८७० च्या आसपास आलेलं. कापडाने जोरात घासलं की कापराचा वास येतो, रेघा सरळ समांतर असतात. तापलेली सुई टोचून पाहू नका, सेल्युलॉइड भडकन पेटतं. आणि खरंच हस्तिदंत निघालं तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहेच, म्हणजे घेणाराच अडकायचा.

फसवणूक उलट दिशेनेही चालते. नाभिकांच्या घरी आज्याची धोकटी असते, तिच्यात शेफिल्डचे, झोलिंगेनचे खरे वस्तरे पडलेले असतात. सलूनमध्ये अर्ध्या ब्लेडचा उस्तरा आल्यापासून त्यांना कोणी हात लावत नाही. फिरता खरेदीदार ते पितळेच्या तांब्यांबरोबर किलोवर नेतो. देण्याआधी मान पुसून ठसा वाचा. खोबरेल तेलाचा बोळा पुरे, पॉलिशपेपर नको, बफिंग तर नाहीच. बफच्या घर्षणाने पातं तापतं आणि धारेवर निळी झाक आली की पाणी उतरलं, मग सहाणेवर कितीही पाजवा, धार टिकत नाही.

मोबाइलवर विकणार असाल तर समोरचा “कोड स्कॅन करा, पैसे येतील” म्हणताच फोन ठेवा. पैसे घ्यायला पिन टाकावा लागत नाही. गेलेच तर लगेच १९३० वर तक्रार. घेणाऱ्याने आजच्या पेपरवर ठेवलेल्या वस्तऱ्याच्या मानेचे दोन्ही बाजूंचे फोटो मागावेत. नेटवरून उचललेल्या फोटोत आजचा पेपर नसतो.

त्या सलूनवाल्याचा वस्तरा मुळात खराच जुना होता, १८९० नंतरचा साधा जर्मन. पण मुकुट कोरून त्याची मान बिघडवलेली, त्यामुळे संग्राहक आता त्याला हातात धरत नाहीत. कोरीव काम घासून काढायचा त्याचा विचार होता. तसं केलं तर मान झिजते आणि तिचा मूळ घाट जातो, म्हणून वस्तरा आहे तसाच कपाटात आहे, ‘जर्मनी’ची बाजू वर करून.