ड्राफ्टचा तक्ता भरताना कुणाचं ऐकावं?

एप्रिल अर्धा सरला की अमेरिकेत नोकरी करणाऱ्या आपल्या बऱ्याच मंडळींच्या मेलमध्ये एक एक्सेल येऊन पडते. बत्तीस ओळी. प्रत्येक ओळीत एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल लीगच्या, एका संघाचं नाव आणि पुढे रिकामी चौकट. ड्राफ्टच्या, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायच्या कार्यक्रमाच्या, पहिल्या फेरीत तो संघ कॉलेजातल्या कुठल्या खेळाडूला उचलणार ते लिहून पाठवायचं. ज्याचे गुण सर्वांत कमी, त्याने सगळ्यांना जेवू घालायचं. आमच्या ओळखीतल्या एका मुलीला नुकतीच नोकरी लागली. तिच्यापर्यंत हा तक्ता पोचला आणि तिचा फोन आला, "काका, मला क्वार्टरबॅक सोडून काही कळत नाही. कुणाचं बघून भरू?" (क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू.)

मी हा तक्ता पंधराएक वर्षं भरतोय आणि दोनदा जेवण दिलंय. एवढ्या अनुभवावर सल्ला द्यायला हरकत नसावी.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी आधी थोडक्यात: इथे बोली लागत नाही. गेल्या मोसमात जो संघ तळाला होता त्याची पाळी पहिली, सुपर बोल म्हणजे अंतिम सामना जिंकणाऱ्याची शेवटची. पाळ्या विकता-बदलता येतात, त्यामुळे तक्त्यात काही संघ दोनदा दिसतात आणि काही दिसतच नाहीत. फेरी सुरू होते गुरुवारी रात्री आठला, पूर्व किनाऱ्याच्या वेळेने. भारतात तेव्हा शुक्रवारची पहाट, साडेपाच.

कुणाचं ऐकायचं याच्याही आधी एक गोष्ट विचारून घ्या: गुण कसे देणार? नव्वद टक्के लोक हे विचारत नाहीत. २०२५ च्या ग्रीन बेमधल्या ड्राफ्टचं बघा. दुसरी पाळी क्लीव्हलंड ब्राउन्सची होती, आणि ट्रॅव्हिस हंटर हा खेळाडू तिथे जाणार हे जो तो सांगत होता. ऐन वेळी ब्राउन्सनी ती पाळी जॅक्सनव्हिल जॅग्वार्सना देऊन टाकली. हंटर दुसराच गेला, पण जॅक्सनव्हिलला. खेळाडू आणि क्रमांक जुळला की गुण, असा नियम असेल तर ब्राउन्सच्या ओळीत हंटर लिहिणाऱ्याचे गुण शाबूत. खेळाडू आणि संघ जुळायला हवा, असा असेल तर भोपळा. आणि खेळाडू पहिल्या बत्तिसात आला का एवढंच पाहायचं असेल, तर या देवाणघेवाणीशी आपल्याला काही देणंघेणंच नाही. उत्तर एकच, गुण तीन तऱ्हेचे. म्हणून पुढे जे सांगतोय ते आपापल्या नियमाला लावून वाचा.

आता चार वाटा. एखाद्या नावाजलेल्या तज्ज्ञाचा मॉक ड्राफ्ट, म्हणजे कोण कुठे जाणार याची आधीच काढलेली अंदाजी यादी, जसाच्या तसा उतरवायचा. दहा-वीस मॉक ड्राफ्टांची सरासरी काढायची. सट्टाबाजाराचे भाव बघायचे. नाहीतर स्वतःचं डोकं चालवायचं.

तज्ज्ञांमध्ये दोन जाती आहेत आणि त्यांची गल्लत केली की घात होतो. एक जात सांगते की कोण किती चांगला आहे. दुसरी सांगते की कोण कुठे जाणार आहे. मेल कायपर हे पहिल्या जातीतलं सर्वांत जुनं नाव, १९८४ पासून ईएसपीएनवर. मॉक ड्राफ्ट तेही काढतात, पण त्यांचा जीव खेळाडूंच्या क्रमवारीत. २०२५ मध्ये त्यांनी क्वार्टरबॅकांत शेड्यूर सँडर्सला सर्वांत वर ठेवलं होतं. सँडर्स पहिल्या फेरीत गेला नाही, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात नाही. पाचव्या फेरीत १४४ वा गेला, आणि तोवर कायपर टीव्हीवर संघांवर अक्षरशः डाफरत होते. त्यांचं मत चूक की बरोबर ते सँडर्सची कारकीर्द ठरवेल. तक्त्याच्या दृष्टीने मात्र भरवशाच्या म्हशीला टोणगा.

दुसऱ्या जातीचे लोक फोनवर जगतात. डॅनियल जेरेमाया हे रेव्हन्स, ब्राउन्स आणि ईगल्स या संघांकडे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे, होते, त्यामुळे खेळाडू तोलायची नजर आहे आणि ओळखीही आहेत. पीटर श्रेगर फार मॉक ड्राफ्ट काढत नाहीत. शेवटी शेवटी काढतात, आणि त्यात कानावर आलेलं बरंच उतरलेलं असतं. माझा नियम साधा आहे: जानेवारी ते मार्चमधले मॉक ड्राफ्ट करमणूक म्हणून वाचायचे, तक्त्यासाठी फक्त ड्राफ्टच्या आदल्या दिवसापासूनचे. एप्रिलभर संघ एकमेकांना हूल देत असतात. आपल्याला हवा असलेला खेळाडू सोडून भलत्याचंच कौतुक पेपरात पेरायचं, एजंटांनी आपल्या पोराचा भाव चढवायचा, हे सगळं चालू असतं. शेवटच्या चोवीस तासांत मात्र आपलं नाव राखून असलेला बातमीदार खोटं छापून घ्यायला तयार नसतो.

तरीही गॅरंटी नाही. २०१६ मध्ये ड्राफ्ट सुरू व्हायला काही मिनिटं असताना लॅरमी टन्सलच्या ट्विटर खात्यावर गॅस मास्क लावून गांजा ओढतानाचा व्हिडिओ झळकला, आणि पहिल्या काही नावांत धरलेला हा टॅकल, म्हणजे आक्रमणाच्या भिंतीतला खेळाडू, तेराव्या क्रमांकापर्यंत घसरला. मायामी डॉल्फिन्सनी घेतला. त्या दिवशी तक्ते आधीच पाठवून झाले होते, माझाही.

गर्दीची सरासरी हा आळशी माणसाचा मार्ग, आणि मी ते कौतुकाने म्हणतोय. वीस जणांनी काढलेल्या याद्या एकत्र केल्या की एखाद्याचं वेड गळून पडतं. पहिल्या बत्तिसात कोण येणार एवढंच विचारलं असेल तर यासारखं स्वस्त आणि पक्कं साधन दुसरं नाही. जेवण देण्याची वेळ सहसा येत नाही. पण जिंकायचं असेल तर अडचण आहे: तुमच्या ऑफिसातले निम्मे लोक तीच सरासरी उतरवून बसलेले असतात. शिवाय गर्दी एकमेकांचं वाचूनच मत बनवते. क्वार्टरबॅकांच्या बाबतीत तर फारच. २०२२ मध्ये मलिक विलिसचं नाव बहुतेक याद्यांच्या पहिल्या फेरीत होतं. त्या फेरीत क्वार्टरबॅक गेला एकच, केनी पिकेट, विसाव्या क्रमांकावर पिट्सबर्गला. विलिस तिसऱ्या फेरीपर्यंत बसून राहिला. यावरून "क्वार्टरबॅक नेहमी घसरतात" असा नियम काढून मी २०२४ ला हुशारी करायला गेलो. त्या वर्षी पहिल्या बारा नावांतच सहा क्वार्टरबॅक निघाले. पहिली चौदाच्या चौदा नावं आक्रमणाच्या फळीतली होती, तसं आधी कधी झालं नव्हतं. बचावातला पहिला खेळाडू, लायाटू लाटू, पंधराव्या पाळीला इंडियानापोलिसने घेतला. तोपर्यंत माझ्या तक्त्यात बचावाचे चार जण जाऊन बसले होते.

सट्ट्याच्या भावांबद्दल आधीच सांगतो, पैसे लावा म्हणत नाही. भारतातल्या वाचकांना तर २०२५ च्या कायद्यानंतर पैशाचा ऑनलाइन खेळ बंदच आहे. भाव फक्त बघायचे, हवामान खात्याचा अंदाज बघतो तसे. पहिल्या तीन-चार ओळींसाठी याच्याइतकं चांगलं काही नाही, कारण खरी बातमी फुटली की ती आधी भावात उतरते आणि मग टीव्हीवर येते. २०२२ मध्ये महिनोन्महिने एडन हचिन्सन पहिला जाणार असं धरून सगळे चालले होते. शेवटच्या काही दिवसांत भाव ट्रॅव्हॉन वॉकरकडे झुकले आणि जॅक्सनव्हिलने वॉकरलाच घेतलं. २०१८ मध्येही तसंच. सॅम डार्नल्ड पुढे होता, शेवटच्या घटकेला बेकर मेफिल्डचा भाव उसळला आणि ब्राउन्सनी मेफिल्डचं नाव घेतलं.

पण बाजार चुकतो तेव्हा कसा चुकतो तेही पाहून ठेवा. २०२३ च्या ड्राफ्टला दोन-तीन दिवस राहिले असताना रेडिटवर कुणा अनामिकाने लिहिलं की विल लेव्हिस घरच्यांना सांगतोय, कॅरोलायना मला पहिलाच घेणार. नाव ना गाव. तेवढ्यावर लेव्हिसचा भाव धाडकन बदलला, आणि भाव बदलला ही बातमी झाली, मग त्या बातमीने भाव आणखी हलला. गुरुवारी कॅरोलायनाने ब्राइस यंगला घेतलं. लेव्हिस कॅन्सस सिटीत सुटाबुटात आईवडिलांसोबत रात्रभर कॅमेऱ्यासमोर बसून होता. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या फेरीत, ३३ वा, टेनेसीला गेला. म्हणून भाव हलला की मी एकच प्रश्न विचारतो: यामागे नाव लावून बोलणारं कुणी आहे का? नसेल तर ती ओळ मी जुन्या नावावरच ठेवतो. आणि दहाव्या ओळीच्या खाली भाव फारसे उपयोगाचे नाहीत. तिथे पैसा इतका पातळ असतो की दोघा-तिघांनी ठरवलं तरी काटा हलतो.

राहिलं स्वतःचं डोकं. सगळ्यात मजेची वाट आणि सगळ्यात महागही. आपण काय करतो? संघाकडे काय नाही ते बघतो आणि ती जागा भरणारा खेळाडू तिथे लिहितो. गरज पाहून भरलेला तक्ता दिसतो फार शहाणा. २०२४ ची आठवी ओळ मला अजून दिसते. अटलांटा फाल्कन्स. महिन्याभरापूर्वीच त्यांनी कर्क कझिन्स या क्वार्टरबॅकशी चार वर्षांचा, १८ कोटी डॉलरपर्यंतचा करार केला होता. बचावात प्रतिस्पर्धी क्वार्टरबॅकवर धावून जाणारा एज रशर त्यांच्याकडे नव्हता. मी डॅलस टर्नर लिहिलं, ठळक अक्षरांत, शेजारच्या चौकटीत 'पक्कं' अशी टीपही टाकली. कमिशनर रॉजर गुडेल मंचावर आले आणि म्हणाले, मायकल पेनिक्स ज्युनियर. क्वार्टरबॅक. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "काय झालं ओरडायला?" टर्नर सतराव्या क्रमांकावर मिनेसोटाला गेला. २०२० मध्ये ग्रीन बेनेही हेच केलं होतं: एरन रॉजर्स असताना पाळी वर सरकवून जॉर्डन लव्हला घेतलं. संघ पुढच्या मोसमाचा नाही, तीन वर्षांनंतरचा विचार करतात, आणि ती यादी आपल्याला कुणी दाखवत नाही.

गरजेपेक्षा मला सवय जास्त उपयोगी पडली. माणसं बदलत नाहीत. संघासाठी खेळाडू निवडणारे जनरल मॅनेजर तर मुळीच नाही. फिलाडेल्फियाचे हाऊई रोझमन बघा: २०२२ ला जॉर्डन डेव्हिस, २०२३ ला जेलन कार्टर आणि नोलन स्मिथ, तिघेही जॉर्जिया विद्यापीठाच्या बचावातले, तिघेही पहिल्या फेरीत. डॅलस काउबॉइज पहिल्या फेरीत आक्रमणाची भिंत बांधतात: टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक, झॅक मार्टिन, मग टायलर स्मिथ, टायलर गायटन, टायलर बुकर. शेवटचे तिघे २०२२ ते २०२५ या चार ड्राफ्टांतले. डॅलसच्या ओळीत काहीच सुचलं नाही तर टायलर नावाचा धिप्पाड लाइनमन शोधा, असं मी अर्धवट गमतीने सांगतो.

अदलाबदलीचा अंदाज बांधायचा मोह होईल. डॅलसनेच १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बनवलेला पाळ्यांच्या मोलाचा तक्ता प्रसिद्ध आहे, त्यात पहिल्या पाळीला ३००० गुण आणि बत्तिसाव्या पाळीला ५९०. त्यावरून कोण कुणाला किती देईल हे ढोबळ कळतं. कोण फोन उचलेल हे कळत नाही. मी अदलाबदल लिहीत नाही, एक अपवाद सोडून: फेरीचं शेपूट. पहिल्या फेरीत घेतलेल्या खेळाडूचा करार पाचव्या वर्षापर्यंत वाढवायचा हक्क संघाला मिळतो, दुसऱ्या फेरीतल्याचा मिळत नाही. म्हणून क्वार्टरबॅक हवा असलेला संघ दुसऱ्या फेरीच्या तोंडाशी थांबत नाही, पंचविसाव्या ते बत्तिसाव्या पाळीत घुसतो. लमार जॅक्सन २०१८ ला असाच ३२ वा बाल्टिमोरला गेला. जॅक्सन डार्ट २०२५ ला २५ वा न्यूयॉर्क जायंट्सकडे, ह्यूस्टनची पाळी घेऊन. नुसता खेळाडू बत्तिसात आला का एवढंच मोजत असतील तर असा एक क्वार्टरबॅक शेवटच्या ओळींत टाकणं मला धोक्याचं वाटत नाही.

मग त्या मुलीला काय सांगितलं? तिच्या ऑफिसात खेळाडू आणि संघ जुळला तर दोन गुण, नुसता बत्तिसात आला तर एक. असा नियम असेल तर मी गर्दीची यादी पाया म्हणून घेतो, म्हणजे एक-एक गुण गोळा होत राहतात. पहिल्या चार ओळी भाव बघून. पाच ते वीस, एकाच उशिराच्या फोनवाल्याचा मॉक ड्राफ्ट, आणि तो संपूर्ण. दोघांचे अर्धे-अर्धे जोडायला गेलात तर एकच खेळाडू दोन ठिकाणी येतो आणि एकाला जागाच उरत नाही. मी हे केलंय. खालच्या बारा ओळींत स्वतःची हौस भागवा, जास्तीत जास्त तीन. क्रमांकही जुळायलाच हवा असा नियम असता तर पहिल्या पाचांनंतर मी फार वेळ घालवलाच नसता: वर एक नाव हललं की खालचं सगळं सरकतं, तिथे तज्ज्ञ आणि अनाडी सारखेच.

जिंकायचंच असेल, नुसतं जेवण टाळायचं नसेल, तर गर्दीपासून दोन ठिकाणी फारकत घ्यावी लागते. चाळीस जणांच्या तक्त्यात सरासरी उतरवणारा सातवा-आठवा येतो. पण फारकत वरच्या ओळींत घेऊ नका, तिथे सगळ्यांचे गुण पक्के असतात आणि तुम्ही एकटे ते सोडता.

तिने तक्ता बुधवारी रात्रीच भरून टाकायचं म्हटलं, गुरुवारी कामं आहेत म्हणून. मी म्हटलं, एकोणतीस ओळी भर. उरलेल्या तीन सात वाजेपर्यंत रिकाम्या ठेव, आणि साडेसातला पाठव. आठला गुडेल मंचावर येतात.